दिव्याची आवस

आषाढ महिना संपतो त्या अमावास्येला आपण दिव्याची आवस म्हणतो. त्या दिवशी घरातले सगळे दिवे बाहेर निघतात. समई, निरांजन, माळ्यावरचा जुना कंदीलसुद्धा. बाया ते चिंच आणि राख लावून घासतात, पाटावर मांडतात, भोवती रांगोळी काढतात. संध्याकाळी दिवे लावतात. काही घरांत कणकेचे गोड दिवे करतात. काही लोक त्या दिवशी दुसरेच काही करतात, पण ते इथे सांगण्याचे कारण नाही.

आमच्या गुहागरात एक म्हातारी आहे. मी तिला काकी म्हणतो. तिचे नाव या धड्यात लिहिणार नाही. ही गोष्ट लिहू का, असे मी तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "लिही. पण नाव नको घालूस." तिचे वय आता सत्त्याऐंशीच्या घरात आहे. तिची लेक आणि मी लहानपणी एकाच वर्गात होतो. लेक दापोलीला दिली आहे.

काकीच्या घरी दिव्याच्या आवसेला दिवे घासत, पुसत, पाटावर मांडत. पण लावत नसत. काकी मागल्या दारी पायरीवर बसून राही. जेवत नसे, कोणाशी बोलत नसे. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून कामाला लागे, जणू काही झालेच नाही. लेक सहा-सात वर्षांची असताना तिने एकदा विचारले, "आये, आपल्याकडे दिवे का नाय लावत?" तिला एक चापट बसली. काकीने लेकीवर हात उचलला तो तेवढाच. मग लेकीने पुन्हा विचारले नाही.

दुसरी गोष्ट होडीची. धोपाव्याहून दाभोळला खाडी ओलांडून जाता येते. २००३ सालापासून तिथे मोठी फेरीबोट आहे. माणसे, मोटारी, टेंपो सगळे तिच्यात चढते आणि थोड्याच मिनिटांत पलीकडच्या काठाला लागते. पलीकडून दापोलीला गाडी मिळते. पण काकी कधी त्या बोटीत बसली नाही. लेकीकडे जायचे तर ती चिपळूण, खेड असा वळसा घालून एसटीने जाई. त्यात सगळा दिवस मोडे. बरे, पाण्याची भीती म्हणावी तर तीही नाही. काकी भर ओहोटीला खाडीत उतरून तिसऱ्या काढणारी बाई. गुडघाभर चिखलात आमच्यासारख्या गड्यांना मागे टाकील.

२०२२ सालच्या मे महिन्यात नातीचे लग्न दापोलीला ठरले. सगळे वऱ्हाड फेरीबोटीने निघाले. काकी धक्क्यावरून मागे फिरली. लेकीचा तोल गेला. चार माणसांत ती ओरडली, "काय गो त्या बोटीचं एवढं? सगळी माणसं जातात, तूच काय ती वेगळी!" काकी काही बोलली नाही. एसटीने गेली, लग्नाला उशिरा पोचली, आणि घरी आल्यावर आठ दिवस अंथरुणाला खिळली. ताप नव्हता, खोकला नव्हता. डॉक्टरांनी तपासले, ताकदीच्या गोळ्या दिल्या.

लेक मग मनात खूप खजील झाली. ती मला म्हणाली, "मास्तर, साठ वर्षं मी आयशीच्या पोटी आहे, आणि तिच्या मनात काय आहे ते मला ठाऊक नाय."

पुढच्या वर्षी, म्हणजे २०२३ साली, दिव्याची आवस १७ जुलैला आली. लेक आदल्या दिवशीच गुहागरला आली. तिने या वेळी काही विचारायचे नाही असे ठरवले होते. पदर खोचून ती आईशेजारी बसली आणि दिवे घासू लागली. बाहेर पाऊस कोसळत होता, समुद्राची गाज घरात ऐकू येत होती. दोघी तासभर गप्पच होत्या. समई घासून झाली तेव्हा लेकीच्या तोंडून सहज एक प्रश्न निघाला.

"आये, तुझे बाबा दिसायला कसे होते?"

वाचकहो, हा प्रश्न नीट बघा. "तू रडतेस का? तुझं काय दुखतंय?" असे तिने विचारले नाही. तिने माणसाबद्दल विचारले. आपला आजोबा कसा दिसे, एवढेच. या घरात त्या आजोबाचे नाव कोणी घेत नसे. "ते लवकर गेले" एवढेच लेकीला माहीत होते.

काकीने हातातला दिवा खाली ठेवला. बराच वेळ गेला. मग म्हणाली, "उंच होते. कपाळावर इथं वण होता. हसले का तो वण वर जायचा." आणि मग ती बोलत राहिली, संध्याकाळ झाली तरी बोलत राहिली.

काकीचे माहेर रेवसजवळचे. रेवस हे अलिबाग तालुक्यातले बंदर, मुंबईच्या समोर. बाबा मुंबईला गिरणीत होते. सणावाराला बोटीने घरी येत. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सकाळी बोट सुटे आणि दीडएक तासात रेवसला लागे. १९४७ सालच्या जुलैत दिव्याची आवस तोंडावर आली होती. १७ जुलैला, गुरुवारी, बाबा 'रामदास' बोटीत बसले.

आपल्यातल्या जुन्या माणसांना 'रामदास'चे नाव माहीत असेल. तरुणांना नसेल, म्हणून थोडे सांगतो. 'रामदास' ही १९३६ साली विलायतेत बांधलेली आगबोट. लोकांनी भाग घेऊन काढलेल्या एका स्वदेशी कंपनीची ती होती. लोक कौतुकाने तिला 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. पण या कंपनीवर आधीही घाला पडला होता. तिच्या 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी १९२७ च्या नोव्हेंबरात वादळात बुडाल्या होत्या. १७ जुलैला सकाळी आठच्या सुमारास 'रामदास' निघाली. सणासाठी घरी जाणाऱ्या माणसांनी ती खचाखच भरली होती. वाटेत वारा सुटला, पाऊस आला, समुद्र खवळला. बोट एका बाजूला कलली. माणसे घाबरून धावली. काशाच्या खडकाजवळ, मुंबई सोडून तास व्हायच्या आत, बोट उलटली आणि बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. त्यामुळे मुंबईत कोणाला पत्ताच नव्हता. शहराला खबर लागली ती कित्येक तासांनी. रेवसच्या बाजूने मासळी घेऊन निघालेल्या कोळ्यांच्या होड्या तिथून जात होत्या. त्यांनी मिळतील तेवढी माणसे वर ओढली. काही जण पोहून वाचले. सहाशेहून अधिक माणसे गेली. पुष्कळांचे देह सापडलेच नाहीत.

त्यानंतर महिना भरायच्या आत १५ ऑगस्ट आला. देश स्वतंत्र झाला. गावोगाव दिवे लागले, तोरणे बांधली. रेवसपासून अलिबागपर्यंत कितीतरी घरांत त्या दिवशी चूलसुद्धा पेटली नसेल.

काकी तेव्हा नऊ वर्षांची होती. त्या सकाळी ती आईबरोबर रेवसच्या धक्क्यावर जाऊन उभी राहिली होती. दोघींना मिळून एक इरले. नऊ वाजले, दहा वाजले. बोट दिसेना. दुपार झाली. "कोण म्हणे पावसानं बोट सुटलीच नसंल. आम्ही घरी आलो. घासून ठेवलेले दिवे तसेच पाटावर होते."

बाबांचा देह सापडला नाही. काकीची आई रोज किनाऱ्यावर जाई. तिने कपाळाचे कुंकू पुसले नाही. गाव नावे ठेवी. ती म्हणे, "मी डोळ्यांनी बघितल्याबिगर पुसणार नाय." आणि पोरीला तिने सांगितले, "रडायचं नाय. तू रडलीस तर ते मेले असं होईल." नऊ वर्षांच्या पोरीने ते ऐकले. ती रडली नाही. लग्न होऊन १९५७ साली गुहागरला आली तेव्हाही नाही, पुढे तिची आई वारली तेव्हाही नाही.

इथे थोडे थांबू. माणूस गेले की आपल्याकडे किती गोष्टी करतात! देह ओसरीवर ठेवतात, गाव गोळा होतो, बाया गळ्यात पडून रडतात. अग्नी देतात किंवा दफन करतात. दहावे, तेरावे होते. पूर्वी मला वाटे, यात खर्चच फार. खर्च फार असतो हे खरेच, कर्ज काढून तेरावे करणाऱ्यांना मी आजही बोल लावतो. पण या सगळ्यात एक गोष्ट होऊन जाते. माणूस गेला, हे घरच्यांच्या मनाला कळते. देहच नसेल तर ते कळत नाही. माणूस गेलाही नाही आणि आहेही नाही, अशा मधल्या जागी मन अडकून राहते. पॉलिन बॉस नावाच्या एका अमेरिकन बाईंनी १९७० नंतर लढाईत बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या घरच्यांचा अभ्यास केला. त्यांनाही हेच दिसले. अशा घरात दुःख पुढे सरकत नाही. बायको वाट बघते, मुले गप्प होतात, आणि ते गप्प राहणे पुढच्या पिढीकडे जाते.

आपल्या जुन्या लोकांनाही हे माहीत असावे. देह मिळाला नाही तर दर्भाची किंवा पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिला अग्नी द्यावा, असा विधी शास्त्रात आहे. कायदाही काही हिशेब ठेवतो. सात वर्षे ज्याची काही खबर नाही, तो वारला असे कोर्ट सामान्यपणे धरून चालते. काकीच्या माहेरी यातले काही केले नाही. करायचे म्हणजे आईच्या कपाळाला हात लावायचा. कोण लावणार?

एवढे सगळे सांगून झाले. लेकीला वाटले, संपले. पण खरे दुखणे अजून बाहेर आले नव्हते. दिवेलागणीच्या वेळी काकी खाली मान घालून म्हणाली, "बाय, त्यांना मीच बोलावलं."

त्या वर्षी काकी तिसरीत होती. शाळेत पत्र लिहायला नुकतेच शिकवले होते. तिने स्वतःच्या हाताने बाबांना कार्ड लिहिले. आयुष्यातले पहिले पत्र. 'बाबा, दिव्याच्या आवसेला या.' खाली नाव. आई म्हणाली होती, "पावसापाण्याचं कशाला बोलावतेस?" तरी तिने ते पेटीत टाकले. बाबा आले. म्हणजे, निघाले.

त्या दिवसापासून काकीने हातात लेखणी धरली नाही. शाळा सुटली. पैसा नव्हता म्हणून सुटली असे लोक म्हणाले, तिने म्हणू दिले. सासरी कोणाला सांगितलेच नाही की आपल्याला लिहिता येते. रेशनवर अंगठा, बँकेत अंगठा, मतदानाच्या वेळीही अंगठा. नवरा मुंबईहून पत्र धाडी, ते ती शेजारणीकडून वाचून घेई. मंडळी, काही वर्षांपूर्वी गावात वर्गासाठी यादी केली, तेव्हा काकीच्या नावापुढे 'निरक्षर' हा शब्द मीच लिहिला होता. चाळीस वर्षे मास्तरकी केलेला माणूस मी! पुढे बसलेल्या बाईला विचारलेसुद्धा नाही, घरच्यांनी सांगितले ते लिहून घेतले.

लेकीने ऐकले मात्र, ती चटकन बोलून गेली, "काय गो आये, त्यात तुझी काय चूक? विसर आता ते." काकीचे तोंड लगेच मिटले. उठून ती मागल्या दारी जाऊन बसली.

लेक समजूतदार. तिला आपली चूक उमगली. 'विसर' हा शब्द आपण किती सहज वापरतो. समोरच्याला बरे वाटावे म्हणून वापरतो, पण त्याच्या कानाला तो 'आता बोलू नको' असा लागतो. आणि 'तुझी चूक नाही' हे आपल्याला कळते. ज्याने शहात्तर वर्षे तो काटा जपला त्याला आपण म्हटल्याने कसे पटावे? लेक आईच्या मागून गेली, पायरीवर शेजारी बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "कार्डावर आणखी काय लिहिलंवतस?" काकी म्हणाली, "पाटी आणा म्हणून लिहिलंवतं. जुनी फुटली होती." आणि मग ती रडली. लेक सांगते, असे रडणे तिने कधी ऐकले नव्हते. बाईचा आवाज नव्हता तो, पोरीचा होता. लेकीने तिला गप्प केले नाही. पाठीवर हात ठेवून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक माझ्याकडे आली. म्हणाली, "मास्तर, त्या बोटीचं काय ठाऊक असेल ते आयेला येऊन सांगा. तिला विचारायचं आहे." मी गेलो. काकी ओसरीवर बसली होती, डोळे सुजलेले. मी वर लिहिले आहे तेवढे सगळे सांगितले. वारा, गर्दी, बोट कशी कलली, यंत्र कसे नव्हते. ती मन लावून ऐकत होती. आपले बाबा कसे गेले हे तिला कोणी धड सांगितलेच नव्हते. लहान पोरीला कोण सांगणार, आणि मोठी झाल्यावर विषयच बंद.

माझे बोलून झाल्यावर तिने एकच विचारले, "किती माणसं गेली म्हणालास?"

"सहाशेच्या वर, काकी."

ती थोडा वेळ खाडीच्या दिशेला बघत राहिली. मग म्हणाली, "एवढ्या सगळ्यांना कुणी पत्र धाडलंवतं?"

मी काही बोललो नाही. लेकही बोलली नाही. हे तिचे तिने शोधले होते. आम्ही शंभर वेळा सांगितले असते तरी ते तिचे झाले नसते.

यावरून कोणी असे समजू नये की काकी त्या दिवसापासून बरी झाली. पुढचे दोन महिने तिला झोप नीट लागत नव्हती. पुन्हा पुन्हा तीच गोष्ट सांगे, कधी चिडे, कधी लेकीला फोनवर म्हणे, "कशाला उकरून काढलंस?" लेकीलाही वाटे, आपण चुकलो की काय. ती दर पंधरा दिवसांनी येत राहिली. हे मी मुद्दाम लिहितो. एखाद्याचे दुःख एकदा उघडायला लावायचे आणि मग आपण आपल्या घरी निघून जायचे, यापेक्षा न विचारलेले बरे. आणि एखादे माणूस खाणेपिणे सोडते, 'आता जगून काय करू' असे बोलू लागते, तर घरच्या बोलण्यावर भागवू नये. डॉक्टरला दाखवावे. सरकारने २०२२ सालापासून टेलिमानस नावाची सोय केली आहे. १४४१६ या नंबरावर फोन केला तर पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. त्यात लाज नाही. पाय मोडला तर आपण दवाखान्यात जातोच ना?

त्या वर्षी १४ ऑक्टोबरला सर्वपित्री अमावास्या होती. ज्याचे श्राद्ध कधी झाले नाही, ज्याची तिथी राहून गेली, अशा सगळ्यांसाठी हा दिवस असतो. लेकीने भटजींना प्रतिमेच्या विधीबद्दल विचारून ठेवले होते. काकी म्हणाली, "एवढं नको. पान वाढू." तिने स्वतः वडे केले, खीर केली, भोपळ्याची भाजी केली. केळीच्या पानावर सगळे वाढून परसात ठेवले. पानाच्या कडेला एक नवी पाटी ठेवली. भटजींनी पाटीकडे पाहिले, काही विचारले नाही. शहाणा माणूस. कावळ्याला यायला वेळ लागला, पण आला.

वर्गाला ती डिसेंबरात येऊ लागली. पाटी तीच. अक्षरे तिच्या हातात होतीच, फक्त गंजली होती, पितळेच्या भांड्यासारखी. 'ळ' तेवढा विसरली होती. पंधरा दिवसांत ती शेजारच्या बायांच्या चुका काढू लागली. मी तिला परीक्षेला बस म्हटले तर म्हणाली, "मला येतं. परीक्षा कशाला?" यादीतला तो शब्द मी खोडला.

फेरीबोटीत काकी अजून बसलेली नाही. एकदा लेकीबरोबर धोपाव्याच्या जेटीपर्यंत गेली. तीन फेऱ्या सुटताना पाहिल्या, चढणारी माणसे मोजली, आणि घरी आली. लेकीने आग्रह केला नाही.

२०२४ साली दिव्याची आवस ४ ऑगस्टला, रविवारी होती. त्याच्या दहा-बारा दिवस आधी काकी माझ्या दारात आली. म्हणाली, "मास्तर, पोस्टातून मला एक कार्ड आणून दे." मी आणले. तेव्हाही कार्ड पन्नास पैशालाच मिळत होते. ती माझ्या ओट्यावर बसली, आणि मला पाठ करून लिहू लागली. फार वेळ लागला. मधे दोनदा हात थांबला. लिहून झाल्यावर पत्ता बरोबर आहे का एवढे बघायला तिने कार्ड माझ्याकडे दिले. मी मागची बाजू वाचायला नको होती, पण वाचली गेली. लेकीला लिहिले होते, 'बाय, दिव्याच्या आवसेला ये.' खाली 'तुझी आई'.

कार्ड आम्ही दोघांनी मिळून पेटीत टाकले. चार दिवसांनी ते दापोलीला पोचले.

त्या रविवारी सकाळपासून पाऊस होता. लेक दाभोळहून फेरीबोटीने आली. काकी सातपासून धोपाव्याच्या जेटीवर छत्री धरून बसलेली. बोट निम्म्या खाडीत आली तशी ती उठून उभी राहिली आणि कठड्याला धरून बघत राहिली. बोट लागली, फळी पडली, आधी मोटारी उतरल्या, मग माणसे. लेक समोर आली तेव्हा काकीने तिचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. मग म्हणाली, "किती भिजलीस गो. चल, दिवे घासायचे राहिलेत."